गेमपॅडवरची बाराखडी

गेम बनवणाऱ्या स्टुडिओत काही कामांसाठी रांग लागते. गाडी वळणावर कशी घसरावी, पाण्यावर उजेड कसा पडावा, राक्षसाच्या पावलांनी जमीन कशी हादरावी, हे करायला सगळ्यांना आवडतं. खेळाडूला आपलं नाव लिहिता यावं म्हणून पडद्यावर अक्षरांचा कीबोर्ड मांडायचा, या कामाला मात्र कोणी हात वर करत नाही. मी पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओत इंटरफेस प्रोग्रॅमर म्हणून लागले. सगळ्यात नवीन मीच, म्हणून ते काम माझ्याकडे आलं आणि पुढे माझंच होऊन बसलं. परदेशी प्रकाशकांसाठी आम्ही जे गेम करायचो, त्यांत कुठेही काही लिहायची वेळ आली की ‘हे तिच्याकडे द्या’ असं ठरलेलंच असायचं.

वरवर पाहिलं तर काम एका दुपारचं वाटतं. अक्षरांची चौकट काढा, एका अक्षराभोवती पिवळी कडा दाखवा, दिशेचं बटण दाबलं की कडा सरकवा, ‘ए’ दाबलं की अक्षर वर उमटवा. झालं! पण टीव्हीपासून आठ-दहा फुटांवर सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या हातात असतात चार दिशांची एक कळ, दोन स्टिक आणि मोजकी बटणं. एवढ्यावर त्याला आख्खी लिपी पेलायची असते. तो खेळायला बसलेला असतो, लिहायला नाही, हे तर विसरून चालतच नाही.

आमच्या आधीच्या लोकांनी हा प्रश्न कसा सोडवला ते मी आवडीने शोधत असते. 1979 साली अटारीच्या ‘ॲस्टेरॉइड्स’मध्ये सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला आपली खूण मागे ठेवता येऊ लागली. खूण म्हणजे फक्त तीन अक्षरं. यान डावी-उजवीकडे फिरवायची जी बटणं, त्यांनीच अक्षर पुढे-मागे करायचं आणि ‘हायपरस्पेस’चं बटण दाबून ते पक्कं करायचं. लिहिण्यासाठी नवीन काही शिकावं लागत नसे. खेळताना जे हात चालले तेच लिहितानाही चालत. मला अजूनही ही युक्ती फार शहाणपणाची वाटते.

1986 च्या जपानी ‘ड्रॅगन क्वेस्ट’ने मात्र खेळाडूला चांगलंच कामाला लावलं. कुठवर खेळून झालं ते साठवून ठेवायची सोय त्या कार्ट्रिजमध्ये नव्हती. त्याऐवजी गेम 20 हिरागाना अक्षरांचा एक ‘मंत्र’ द्यायचा. तो वहीत उतरवून घ्यायचा आणि पुढच्या वेळी पडद्यावरच्या चौकटीतून एकेक अक्षर वेचून परत भरायचा. 1987 च्या दुसऱ्या भागात हा मंत्र 52 अक्षरांपर्यंत गेला. उतरवताना एक अक्षर चुकलं की सगळी मेहनत पाण्यात. 1996 च्या पहिल्या जपानी ‘पोकेमॉन’मध्ये खेळाडूच्या नावाला पाच अक्षरांची मर्यादा होती, इंग्रजी आवृत्तीत ती सात झाली. जपानी काना लिपीत ‘का’ हे एक चिन्ह असतं, रोमनमध्ये त्याला दोन अक्षरं लागतात. नावाची लांबी किती ठेवायची हे लिपी बघूनच ठरवावं लागतं, हे तिथे उघड दिसतं. आमच्या धंद्यातले पुष्कळ लोक ते नंतर विसरले.

2012 मध्ये स्टीम या गेमविक्रीच्या सेवेच्या ‘बिग पिक्चर’ या टीव्हीसाठीच्या रूपाबरोबर फुलासारखा कीबोर्ड आला. आठ पाकळ्या, प्रत्येकीत चार अक्षरं. स्टिक ढकलून पाकळी निवडायची आणि चार बटणांपैकी एक दाबून त्यातलं अक्षर. कल्पना देखणी होती आणि हात बसलेला माणूस त्यावर भराभर लिहायचा. पण गेममध्ये नाव एकदाच लिहायचं असतं, आणि एकदाच्या कामासाठी कोण हात बसवतो? स्टीमच्याच 2022 च्या स्टीम डेक या हातात धरायच्या यंत्रावर ओळखीची क्वर्टीच दिसते.

म्हणून माझा पहिला नियम असा की शक्यतो लिहायला लावूच नये. नावाच्या जागी आधीच एक नाव भरून ठेवावं, ‘दुसरं सुचवा’ असं बटण द्यावं. कितीतरी खेळाडू समोर आलेलं नाव तसंच मान्य करून पुढे जातात. ईमेल आणि पासवर्ड तर टीव्हीवर लिहायला सांगूच नये. घरातले सगळे पडद्याकडे बघत असताना एकेक अक्षर निवडत पासवर्ड भरणं म्हणजे तो मोठ्याने वाचून दाखवणंच की. टीव्हीवर छोटा कोड दाखवायचा आणि बाकीचं लिखाण फोनवर करू द्यायचं, ही पद्धत आता सगळीकडे रुळली आहे; 2019 मध्ये आरएफसी 8628 या नावाने तिचं प्रमाणही निघालं.

एवढं करून नाव उरतंच. आपल्या घोड्याला, गावाला, संघाला लोकांना स्वतःचं नाव द्यायचं असतं. तिथे कीबोर्ड लागतो आणि मग बारकावे सुरू होतात.

स्टुडिओत पहिला वाद ठरलेला: अक्षरं एबीसीडीच्या क्रमाने मांडायची की क्वर्टीने? दोन्ही पक्ष आपलीच मांडणी जलद म्हणून भांडतात. ‘आशा’ हे नाव रोमनमध्ये घ्या: ए, एस, एच, ए. क्वर्टीत ए ते एस एक पाऊल, एस ते एच चार, तिथून परत ए कडे पाच, एकूण दहा. एका ओळीत सात अक्षरं अशी एबीसीडीची चौकट केली तर त्याच नावाला बारा पावलं लागतात. फरक एवढासाच. खरा वेळ जातो अक्षर नजरेने शोधण्यात. ज्याचं बालपण फोनवर गेलं त्याची नजर क्वर्टीत पटकन पोचते; लहान मूल आणि आजोबा एबीसीडीत रमतात. म्हणून खेळणारा कोण हे आधी ठरवावं, मांडणी मागाहून.

दिशेची कळ दाबून धरली तर कडा सरकत राहिली पाहिजे, पण लगेच नाही. पहिल्या दाबाला एक घर, मग साधारण चार दशांश सेकंदाचा थांबा आणि त्यानंतर भराभर. थांबा कमी केला तर हवं ते अक्षर हातातून निसटतं, वाढवला तर माणूस वैतागतो. स्टिकचा त्रास वेगळा. अंगठा उजवीकडे ढकलताना थोडा वर जातोच, म्हणून ज्या बाजूचा जोर जास्त तीच दिशा धरायची. स्टिक ‘ढकलली’ मानायचा आकडा मोठा आणि ‘सोडली’ मानायचा लहान ठेवावा लागतो. दोन्ही एकच ठेवले तर थरथरत्या अंगठ्याने एकाच्या जागी तीन घरं ओलांडली जातात.

खालच्या ओळीतल्या लांब ‘स्पेस’च्या कळीवरून परत वर गेलं की ज्या स्तंभातून उतरलो त्याच स्तंभात पोचायला हवं. हे नीट केलं तर कोणाच्या लक्षातही येत नाही. नाही केलं तर प्रत्येक टेस्टर ‘काहीतरी विचित्र वाटतंय’ एवढंच लिहून पाठवतो आणि काय विचित्र ते त्याला सांगता येत नाही.

बटणांची तऱ्हा तर विचारूच नका. जपानी प्लेस्टेशनवर वर्षानुवर्षं गोल म्हणजे ‘हो’ आणि फुली म्हणजे ‘नको’; बाहेरच्या जगात उलट. 2020 साली प्लेस्टेशन 5 आलं तेव्हा जपानमध्येही फुली ‘हो’ झाली. एक्सबॉक्सच्या पॅडवर ‘ए’ खाली असतं, निन्टेन्डोच्या पॅडवर उजवीकडे. बोट जागा लक्षात ठेवतं, डोळा अक्षर वाचतो आणि त्यांचं एकमत नसतं. म्हणून ‘हो’ कोणतं हे मी कोडमध्ये कधीच लिहून टाकत नाही, यंत्रालाच विचारते.

‘यंत्राचा स्वतःचा कीबोर्ड असताना हा खटाटोप कशाला?’ असं नवीन मुलं विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि मीही आधी तोच वापरून बघा म्हणते. त्यात अनेक भाषा असतात, खेळाडूच्या सवयीचा असतो, कोणी यूएसबी कीबोर्ड जोडला तर तोही चालतो. स्टीम डेकवर तर लिहायच्या जागी कीबोर्ड आपोआप वर आला नाही, खेळाडूला तो स्वतः बोलवावा लागला, तर गेमला ‘व्हेरिफाइड’चा शिक्का मिळत नाही. पण यंत्राचा कीबोर्ड म्हणजे आपल्या गेमवर दुसऱ्या कोणीतरी टाकलेला पडदा. तो वर असताना ऑनलाइन सामना चालूच असतो. खेळाडू मध्येच रद्द करतो, पॅडची बॅटरी संपते, कन्सोल झोपी जातो. परत येणाऱ्या मजकुरात इमोजी असू शकतात, नुसत्या रिकाम्या जागा असू शकतात, आपल्या फॉन्टमध्ये नसलेली चिन्हं असू शकतात आणि मग नावाच्या जागी चौकोनच चौकोन दिसतात. यातली प्रत्येक वाट आधी चालून बघावी लागते.

मोबाइलवर आणखी वेगळं. फोन आडवा धरला की कीबोर्ड अर्धाअधिक पडदा व्यापतो आणि ज्या चौकटीत लिहायचं तीच त्याखाली गडप होते. अँड्रॉइडवर तर आडव्या फोनवर कीबोर्ड कधी कधी आख्खा पडदा ताब्यात घेतो, गेमने ‘नको’ म्हणून आधी सांगितलं नसेल तर. शिवाय पडद्यावरचा कीबोर्ड एकेक कळ दाबल्याची बातमी देईलच असं नाही. मराठीत लिहिणारे कितीतरी लोक रोमनमध्ये ‘नमस्कार’ टंकतात आणि कीबोर्ड त्याचं देवनागरी करून देतो. शब्द पक्का होईपर्यंत तो कच्चाच असतो, सारखा बदलत असतो. गेम फक्त कळांचे ठोके मोजत बसला तर त्याच्या हाती भलतंच काही लागतं.

या सगळ्याची खरी परीक्षा झाली ती आमच्या स्टुडिओने स्वतःचा गेम करायला घेतला तेव्हा. सह्याद्रीतल्या गडांवर घडणारी गोष्ट, संवाद मराठीत. खेळाडूचं नावही देवनागरीतच यायला हवं, असा आमच्या लेखकाचा आग्रह होता. संवादात सगळे मराठी बोलतायत आणि मध्येच रोमनमधलं नाव, हे त्याला खुपायचं. मलाही खुपायला लागलं.

पहिली अडचण अक्षर दिसण्याची. आम्ही वापरत होतो ते इंजिन प्रत्येक चिन्हाचं सुटं चित्र एकापुढे एक ठेवायचं. इंग्रजीला एवढं पुरतं. देवनागरीत ‘कि’ लिहिताना साठवणीत आधी क आणि मग वेलांटी असते, पण दिसताना वेलांटी आधी यायला हवी. ‘श्रद्धा’ हे नाव आमच्या पडद्यावर पाय मोडलेल्या सुट्या अक्षरांची ओळ होऊन उभं राहिलं. अक्षरांना जोडून आकार देण्याचं काम हार्फबझसारखी लायब्ररी करते. गोडो इंजिनाच्या 2023 मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत ती मुळातच आहे. आम्हाला ती बाहेरून आणून बसवावी लागली. त्यानंतर कळलं की डिझायनरने मथळ्यांसाठी अक्षरांत हौसेने अंतर ठेवलं होतं. रोमनमध्ये ते छान दिसतं, देवनागरीत शिरोरेषेचे तुकडे पडतात. चौकटीची उंचीही रोमन अक्षरांच्या मापाने घेतलेली. ‘कीर्ती’तला रफार वर कापला जायचा, ‘कृष्णा’तला ऋकार खाली.

दुसरी अडचण मोजण्याची. त्याआधी एका परदेशी कामात सर्व्हरवर नावासाठी 16 बाइट राखलेले होते. इंग्रजी नावाला ते पुरतात. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘श्रद्धा’ या नावात वाचणाऱ्याला अक्षरं दोन दिसतात. युनिकोडच्या हिशेबाने ती सात चिन्हं, म्हणजे 21 बाइट. तिथे श्रद्धाची ‘श्रद्’ व्हायची आणि पुढे एका बाइटाचा कचरा. आमच्या गेममध्ये मर्यादा दिसणाऱ्या अक्षरांवर ठेवली आणि साठवणीला भरपूर जागा दिली. दिसणारं अक्षर कुठे संपतं याचे नियम युनिकोडमध्ये आहेत; जोडाक्षर मधूनच तोडू नये हा नियम त्यांच्या सर्वसाधारण यादीत आला तो 2023 च्या 15.1 आवृत्तीत. जुनी लायब्ररी असेल तर ‘क्ष’ आजही दोन तुकड्यांत मोजला जाऊ शकतो.

मग मांडणी. भारत सरकारचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड 1986 पासून आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. दोन्ही हातांनी टंकणाऱ्यासाठी त्याची रचना विचारपूर्वक केलेली आहे. पण गेमपॅडवर टंकणारे दोन हात कुठे असतात? टायपिंगची परीक्षा दिलेल्यांना रेमिंग्टनची सवय, त्यात वेलांटी व्यंजनाच्या आधी दाबायची. बाकीच्यांना यातलं काहीच पाठ नसतं. सगळ्यांना पाठ असते ती शाळेत घोकलेली वर्णमाला.

आणि वर्णमाला तर चौकटच आहे. क ख ग घ ङ, च छ ज झ ञ, ट ठ ड ढ ण, त थ द ध न, प फ ब भ म: पाच ओळी, पाच स्तंभ. ओळ म्हणजे उच्चाराचं स्थान, स्तंभ म्हणजे उच्चाराची रीत. ‘ध’ हवा असेल तर त-वर्गाच्या ओळीत चौथं घर, डोळे मिटूनही सापडेल. दिशेच्या कळीसाठी याहून चांगली मांडणी कोणी बसून बनवली असती असं मला वाटत नाही. एबीसीडीच्या क्रमाला असा काही आतला अर्थ नाही. तिथे प्रत्येक अक्षराची जागा नुसती पाठ करावी लागते.

स्वरांसाठी आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्राने केलेला ‘स्वरचक्र’ कीबोर्ड डोळ्यांसमोर होता. त्यात व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती बाराखडीचं चक्र उमलतं आणि बोट सरकवून मात्रा निवडता येते. टचस्क्रीनसाठी केलेली ही रीत स्टिकला तर आणखीच शोभते, कारण स्टिक गोलच फिरते. आम्ही डाव्या हाताने व्यंजन आणि उजव्या स्टिकने मात्रा अशी वाटणी केली. आठ दिशांना काना, दोन वेलांट्या, दोन उकार, एक मात्रा, काना-मात्रा आणि अनुस्वार. डावा ट्रिगर दाबून धरला की ऐकार, औकार, ॲ, ऑ, ऋकार आणि विसर्ग. उजवा ट्रिगर जोडाक्षरासाठी. स्टिक पुन्हा फिरवली तर आधीची मात्रा जाऊन नवी लागते, एकावर दुसरी चढत नाही. कॅपिटल-स्मॉल हा प्रकारच देवनागरीत नसल्याने शिफ्टची कळ मोकळी झाली. तिथे आकडे ठेवले.

यादी हिंदीवरून उचलली असती तर ‘ळ’ आणि ‘ऱ’ राहून गेले असते, म्हणजे काळे, कांबळे, गोऱ्हे आणि कऱ्हाडे यांना गेममध्ये प्रवेशच नाही. क्ष, ज्ञ, त्र, श्र यांना स्वतंत्र घरं दिली, कारण ज्ञानेश्वरमधला ‘ज्ञ’ ज् आणि ञ मिळून होतो हे कोणी नाव लिहिताना आठवत बसत नाही. बॅकस्पेसवर आमच्यात बरीच चर्चा झाली. संगणकावर सहसा एकेक चिन्ह मागे जातं: मात्रा, मग व्यंजन. शेवटी आम्ही ठरवलं की एका दाबाने जे आलं ते एका दाबाने जावं. ‘ज्ञ’ एकदम आला तर एकदम जाईल. मात्रा वेगळी लावली तर आधी मात्रा जाईल. टेस्टिंगला आलेल्या शाळकरी मुलांना हे सांगावं लागलं नाही. मोठ्यांपैकी काहीजण मात्र रफार आधी शोधायचे नाही, नंतर शोधायचे: ‘कीर्ती’ लिहिताना आधी ‘ती’ आणि मग तिच्यावर रफार, हाताने लिहितो तसं. त्यांच्यासाठी रफाराचं वेगळं घर केलं. ते दाबलं की ‘र्’ आपोआप योग्य जागी मागे जाऊन बसतो.

शेवटचा अडसर शिव्यांच्या चाळणीचा. 1996 मध्ये इंग्लंडच्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना एओएल या इंटरनेट सेवेवर खातं उघडता येईना, कारण गावाच्या नावात एक अपशब्द दडलेला होता. आपल्याकडे दीक्षित आडनाव रोमनमध्ये लिहिणाऱ्यांना हा अनुभव नवीन नाही. आम्ही तुकडा शोधणं सोडलं, आख्खा शब्द तपासू लागलो आणि एकट्याने खेळायच्या गेममध्ये चाळणीच काढून टाकली. स्वतःच्या घोड्याला कोणी काय म्हणावं यात आम्ही कशाला पडायचं?

हे सगळं केल्यावर गेमची विक्री वाढली का, असं मला विचारतात. नावाच्या चौकटीमुळे कोणी गेम विकत घेत नाही. पण खेळाडूने गेमला सांगितलेली पहिली गोष्ट नाव असते, आणि तीच त्याला धड सांगता आली नाही तर पुढच्या सगळ्या मराठी संवादांना फारसा अर्थ उरत नाही.

म्हणून मराठीत गेम करणाऱ्या मुलामुलींना माझं एवढंच सांगणं: नाव विचारायची गरज नसेल तर विचारू नका. विचारणार असाल तर देवनागरीत लिहू द्या, आणि कीबोर्ड वर्णमालेवरून बांधा. चाचणीसाठी ‘टेस्ट 123’ नको. श्रद्धा, लक्ष्मी, कीर्ती, कृष्णा, ज्ञानेश्वर, गोऱ्हे आणि काळे ही सात नावं लिहून बघा, खोडून बघा, सर्व्हरवर पाठवून परत मागवा. सातही जशीच्या तशी परत आली की मगच काम झालं म्हणा.